अंधारात उजळणारी पावले

१

मनकर्णेच्या कारखान्यात मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जात असे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी तिने मला एक काम सोपवले होते: पाकिटांवरचा मजकूर तपासण्याचे. "बाई, माल माझा चोख असतो, पण पाकिटावरचे मराठी वाचले की मला तुमचा वर्ग आठवतो आणि घाम फुटतो," असे ती म्हणाली होती. मी होकार दिला, कारण चुकीचे मराठी छापून घरोघरी पाठवणे हा माझ्या मते सार्वजनिक अपराध आहे. आणि दुसरे कारण असे की, मला मनकर्णेला काम करताना पाहायचे होते.

कारखाना चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, जालना रस्त्यापासून थोडा आत होता. तेथे प्लॅस्टिकला रंग देत. बादली, खुर्ची, खेळणे ज्या प्लॅस्टिकचे होते ते मुळात दुधी आणि निर्विकार असते. रंग त्यात दाण्यांच्या रूपाने शिरतो. ज्वारीएवढ्या त्या दाण्यांत रंग इतका दाट कोंडलेला असतो की मूठभर दाण्यांनी पोतेभर प्लॅस्टिक रंगते. त्यांना मास्टरबॅच म्हणतात. रंगाची पूड आणि प्लॅस्टिक एकत्र वितळवणाऱ्या यंत्राच्या तोंडातून शेवयांसारखे धागे निघत, पाण्याच्या हौदातून थंड होत पुढे सरकत आणि कातरले जाऊन त्यांचे दाणे होत. हे दृश्य मी कितीही वेळा पाहिले तरी मला कंटाळा आला नाही.

मनकर्णा मूळची फर्दापूरची. तिचे वडील मेंढ्या राखत. शहरातल्या वसतिगृहात राहून ती माझ्या शाळेत शिकली, पुढे रसायनशास्त्राची पदवी घेऊन एका मोठ्या कारखान्यात रंग जुळवण्याच्या विभागात लागली. रंग जुळवणारा माणूस उत्तरेकडच्या खिडकीशी बसतो, कारण तेथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. त्या खिडकीशी एकच खुर्ची होती आणि ती पुरुषांसाठी राखलेली होती. मनकर्णेने अनेक वर्षे त्या खुर्चीमागे उभे राहून रंग जुळवले. निर्णय तिचा असे, सही खुर्चीतल्या माणसाची. स्वतःचा कारखाना उभारला तेव्हा तिने यंत्राच्याही आधी एक साधे लाकडी स्टूल विकत घेतले. त्या स्टुलावर तिच्याखेरीज कोणी बसत नसे. तशी आज्ञा नव्हती. कोणाची हिंमतच होत नसे.

२

ज्या वर्षाबद्दल मी लिहीत आहे, त्या वर्षी शहरात विजेची भयंकर टंचाई होती. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते, आणि दुपार होताच त्याचा अर्धा भाग बंद पडे. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी जन्मलेली मी. कंदिलाच्या उजेडात शिकले, विजेच्या उजेडात शिकवले, आणि निवृत्तीनंतर पुन्हा कंदील पुसू लागले.

मनकर्णेला त्या काळोखातून एक कल्पना सुचली. महालक्ष्म्यांच्या सणाला आपल्याकडे उंबऱ्यापासून देवीच्या जागेपर्यंत पावले काढतात. ती पावले प्लॅस्टिकची, पातळ, फरशीवर नुसती मांडता येतील अशी करायची. आणि वीज गेली की ती आपोआप उजळली पाहिजेत. आजवर तिने इतरांच्या मालाला रंग दिला होता. हा तिचा स्वतःचा, तिच्या नावाचा पहिला माल होता.

अंधारात चमकणारी पूड मिळते. ती उजेड पिऊन घेते आणि काळोखात सावकाश परत करते. ही पूड इतकी कठीण असते की यंत्राचे पोलाद घासून काढते आणि त्या पोलादाने स्वतःच करडी पडते. म्हणून ती आरंभी टाकायची नाही. प्लॅस्टिक पूर्ण वितळल्यावर, यंत्राच्या उत्तरार्धात, हळुवार सोडायची. शिवाय मनकर्णेला पावले हळदीच्या रंगाची हवी होती, आणि कोणताही रंग घातला की तो चमक गिळून टाकतो.

"रंग आणि उजेड एका घरात नांदत नाहीत, बाई," ती म्हणाली. "सासू-सुनेसारखे आहे. एकीचे वाढले की दुसरीचे घटते."

"मग?"

"मग काय. दोघींना मान द्यायचा, पण माप आपण धरायचे."

तिने ते साधले. आषाढात तिने माझ्या तळहातावर ठेवलेले पाऊल उन्हात अस्सल हळदीचे दिसत होते. नंतर तिने मला अंधाऱ्या खोलीत नेले, आणि त्याच पावलातून चांदणे पाझरू लागले. मी स्तुती जपून वापरणारी स्त्री आहे. त्या दिवशी मी म्हटले, "उत्तम." मनकर्णेच्या डोळ्यांत पाणी आले असावे, अंधारात मला दिसले नाही.

३

त्या अंधाऱ्या खोलीविषयी सांगितले पाहिजे. ती मुळात खिडकी नसलेले कोठार होते. भिंती काळ्या रंगवल्या होत्या. उजेड आत शिरू नये म्हणून दोन दारे होती, एकापाठोपाठ एक, आणि दोहोंमध्ये एका माणसापुरती काळोखी जागा. समोरच्या भिंतीवर चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकोनी चिपा ओळींनी लावल्या होत्या: आजवरचे सारे नमुने, कमरेच्या उंचीपासून छतापर्यंत. त्या चिपांपुढे मनकर्णेचे स्टूल असे.

कामाची रीत ठरलेली होती. वीज गेली आणि यंत्रे थांबली की खोलीत बॅटरीवरची ट्यूब लावायची आणि पावलांना उजेड पाजायचा. मग ट्यूब बंद. डोळे अंधाराला सरावेपर्यंत स्वस्थ बसायचे, आणि त्यानंतरच नजरेने परीक्षा करायची.

"थेट पाहू नका, बाई," तिने मला शिकवले. "मंद उजेडाकडे रोखून पाहिले की तो नाहीसा होतो. जरा बाजूला पाहा, म्हणजे दिसेल." हे शास्त्र आहे आणि मी ते पडताळून पाहिले आहे.

पहिल्या पूर्ण चाचणीच्या दिवशी तिने दारापासून स्टुलापर्यंत पावलांची रांग मांडली, घरी मांडतात तशी, आत येणारी. दाण्यांच्या यंत्रावर काम करणारी साळूबाई मदतीला होती. तिची जीभ कातरीपेक्षा धारदार होती.

"सगळं सणावानी मांडलं," साळूबाई म्हणाली, "अन् मुखवटा कुठंय, मॅडम? रिकाम्या हातानं लक्ष्मी आणायलात का?"

"ही चाचणी आहे, साळूबाई. घरात जसे होते तसे झाले पाहिजे. विचार तू, विचारायचे ते."

सर्वांना ठाऊक असलेली ती रीत. एक जण मुखवटा घेऊन दाराबाहेर उभी राहते, आतली विचारते, बाहेरची उत्तर देते आणि पावलांवरून आत येते. त्या दिवशी दाराबाहेर कोणीही नव्हते. आम्ही तिघीही आतच होतो.

ट्यूब विझली. डोळे सरावले. पावले इतकी सुंदर उजळली की साळूबाईचा आवाजही खाली आला.

"कोण आलं?" तिने दाराकडे तोंड करून विचारले.

बाहेरून उत्तर येणार नव्हतेच. मनकर्णाच स्टुलावरून हसत म्हणाली, "लक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं आली?"

"प्लॅस्टिकच्या पावलानं आली," मनकर्णा म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो. "ये गं बाई, ये. आत ये. बस."

बाहेर पडलो तेव्हा मनकर्णेची आई, बानाबाई, ओट्यावर सुपारी कातरीत बसली होती. कारखान्यामागच्या खोल्यांत ती लेकीपाशी राही. आमचे हसणे तिला ऐकू गेले होते.

"आखाडात कुणाला बोलावलंत गं?"

"कुणाला नाही, माय. माल तपासत होतो."

"बोलावलं की कुणीतरी येतंच," बानाबाई म्हणाली आणि सुपारीचे खांड माझ्यापुढे धरले.

४

पुढच्या खेपेस उंबऱ्याजवळचे पहिले पाऊल उजळले नाही.

बाकीची रांग व्यवस्थित होती. तेवढ्या एका जागी काळोख होता, आणि तो नीट पाहिल्यास पावलाच्याच आकाराचा होता. मनकर्णेने त्रिंबकला हाक मारली. साच्यात पावले ओतण्याचे यंत्र तो चालवी. मूळचा शहरातल्याच शहागंजचा, अर्धे बोलणे मराठी, अर्धे दखनी.

"मॅडम, पीस में खोट नाय," त्रिंबक म्हणाला. "साचा येकच, दाणा येकच. साळूबाईनं पूड टाकताना डुलकी घेतली असंल तर मालूम नाय."

"डुलकी घेतली तुह्या सासऱ्यानं!" साळूबाई उसळली.

मनकर्णेने भांडण वाढू दिले नाही. तिने ट्यूब लावली, पहिले पाऊल आणि पाचवे पाऊल यांची अदलाबदल केली आणि पुन्हा अंधार केला. दोष पावलात असता तर काळोख पाचव्या जागी गेला असता. तो पहिल्याच जागी राहिला. उंबऱ्यापाशी मांडलेले, क्षणापूर्वी लख्ख उजळणारे पाऊल आता दिसत नव्हते. आणि आधीचे 'सदोष' पाऊल रांगेच्या मध्यावर निर्दोष चमकत होते.

मी विचार केला. तेथे उजेड कमी पोहोचत असेल. मनकर्णेने त्या जागी विजेरीचा झोत धरला आणि विझवला. काळोख. माझे डोळे थकले असतील. मी बाजूला पाहिले, नंतर दुसऱ्या बाजूला पाहिले. काळोख. फरशीला ओल असेल. ओलीने ही पूड मरते. तिने फरशी हाताने चाचपली. कोरडी.

"माल चांगला आहे," मनकर्णा अखेरीस म्हणाली. "जागेचे काही आहे."

तिच्या जागी अन्य कोणी असते तर त्रिंबकला दोष देऊन मोकळे झाले असते. सोयीचे उत्तर तिने कधीच स्वीकारले नाही, शाळेतही नाही.

शुक्रवारी पहिले पाऊल उजळले, आणि दुसरे विझलेले होते.

५

यानंतर खोलीत कामगार येईनासे झाले. त्रिंबकने ताईत बांधला. साळूबाई दारापर्यंत येई आणि तेथूनच ओरडे, "मॅडम, माझं लेकरू लहानंय!" तिचे लेकरू पॉलिटेक्निकला होते.

प्रत्येक चाचणीत काळोख एक जागा पुढे आलेला असे. डोळ्यांदेखत तो कधीच सरकला नाही. ट्यूब पेटली की सारी पावले हळदीची, निमूट; विझली की एक पाऊल नाहीसे. मी त्यावर जी उपपत्ती रचीत असे ती पुढच्या खेपेपर्यंत टिकत नसे. अखेर मला एक साधे वाक्य स्वीकारावे लागले: उजळणारी वस्तू दिसत नाही तेव्हा ती एक तर विझलेली असते, किंवा झाकलेली असते. ती विझलेली नव्हती.

यंत्रे थांबलेली असल्याने शांतता मोठी असे. अशा शांततेत एकदा मी तो आवाज ऐकला. फरशी जरा उंचसखल असेल आणि तिच्यावरच्या पातळ प्लॅस्टिकवर कोणी भार दिला, तर ते वाकते आणि हलकेच 'टक्' करते. मांडताना आमच्याकडून तो आवाज कितीदा तरी झाला होता. आता आम्ही दोघी भिंतीशी उभ्या होतो, आणि टक् असे रांगेच्या मध्यावर झाले.

मनकर्णा पुढे झाली. उजळलेल्या पावलांच्या कडेने ती काळोखाच्या जागेपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने हात घातला.

"आहे इथे," ती म्हणाली. "हाताला कड लागते आहे."

"उचल."

ती ओढत राहिली. मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

"उचलत नाही, बाई."

मी ट्यूब लावली. तिची बोटे पावलाच्या कडेखाली होती आणि ते पाऊल तत्काळ, कागदासारखे, तिच्या हातात आले. तिच्या नखांच्या टोकांवर मात्र रक्त उतरले होते. जड दाराच्या फटीत सापडल्यावर उतरते तसे.

बाहेर आल्यावर मी तिला शिक्षिकेच्या स्वरात सांगितले की खोली बंद कर, माल तेथेच राहू दे. रांग कोठे संपते हे मला दिसत होते. शेवटचे पाऊल स्टुलापुढे होते, आणि पावलांची रांग बसण्याच्या जागेपाशीच संपते.

"बाई," ती बोटांवर फुंकर घालीत म्हणाली, "हा माल लोकांच्या घरी जायचा आहे. लेकीबाळी त्यावरून चालणार. माझ्या खोलीत काय येते ते मी पाहिले नाही आणि दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाठवून दिले, तर मी कसली रंग पास करणारी?"

"आणि तू तेथे बसलेली असताना ते स्टुलापाशी आले तर?"

"ती माझी जागा आहे," मनकर्णा म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "इतक्या वर्षांनी मिळालेली. मी नाही उठणार."

मला तिची भीती वाटली आणि तिचा अभिमान वाटला. या दोन भावना एकाच छातीत मावतात हे मला त्या दुपारी कळले.

६

बानाबाईला आम्ही काहीच सांगितले नव्हते. पण साळूबाईच्या कानावर पडलेली गोष्ट कोणापासून लपत नसे. काळोख स्टुलापुढच्या शेवटच्या पावलावर आला, तेव्हा बानाबाईने लेकीला ओट्यावर बसवले आणि तिची बोटे हळद लावून बांधली.

"दुखायलं?"

"नाही."

"खोटं बोलतीस. बापावर गेलीस. लांडगा चावला तरी म्हनायचा, कुत्रं व्हतं." तिने गाठ मारली. "मला सांग, तुही पावलं कुन्या तोंडाची मांडलीस?"

"आतल्या, माय. आतल्याच तोंडाची मांडतात."

"व्हय. अन् तिसऱ्या दिशी आपुन काय करतो?"

सणाच्या तिसऱ्या दिवशी देवीला निरोप देतात. हे आमच्यापैकी प्रत्येकीला आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक होते. आलेल्याला ओवाळायचे, बसवायचे, जेवू घालायचे आणि मानाने परत पाठवायचे. आम्ही बोलावले, आणि पुढले सारे विसरून दर खेपेस तीच रांग, त्याच तोंडाची, मांडीत राहिलो.

"आलेल्याला जायाची वाट तर दाव," बानाबाई म्हणाली. "मेंढरूबी वाड्यात कोंडलं की धडका मारतंय. हे तर लई साधं हाय, काय नाय करत बिचारं. नुसतं पुढं पुढं यायलं, कारन तू म्हनलीस ये."

"माय, तू घाबरत नाहीस?"

"घाबरले ना. पन घाबरून पाव्हणा जात नसतो."

मनकर्णेने माझ्याकडे पाहिले. आमच्यापैकी एकीने रसायनशास्त्र शिकले होते आणि दुसरीने आयुष्यभर तर्कशुद्ध वाक्ये शिकवली होती. आम्ही दोघी उठलो, खोलीत गेलो आणि पावले फिरवू लागलो.

७

स्टुलापासून दाराकडे, बाहेर जाणारी, अशी रांग मांडून झाली. शेवटचे पाऊल मनकर्णेने दोन दारांमधल्या काळोख्या जागेत ठेवले, म्हणजे उंबरा ओलांडला जाईल. आतले दार मी लोटून कडी लावली. दाराची कडी माझ्या हाताशी असावी म्हणून मी तेथेच उभी राहिले. चिपांच्या भिंतीपाशी ट्यूबचे बटण होते, तेथे मनकर्णा गेली. तिने बटण दाबून ट्यूब विझवली.

आम्ही डोळे सरावण्याची वाट पाहू लागलो.

प्रथम चिपांची भिंत उगवली, मग पावले. मी नजरेनेच एकेक पाऊल मोजीत दारापर्यंत आले. सगळी उजळलेली होती. एकही जागा काळी नव्हती. माझ्या छातीवरचा भार उतरला.

"मनकर्णे," मी म्हटले, "सगळी लागली. मी सांगते, सगळी लागली!"

ती समोर स्टुलावर शांत बसली होती. चमकणाऱ्या चिपांवर तिची बसलेली आकृती काळी उमटली होती, खांदे थोडे पुढे, हात मांडीवर. तिचे हे बसणे मी नेहमीच पाहत आले होते. परीक्षा करताना ती बोलत नसे, म्हणून मीही थांबले.

"दिसले मला, बाई," मनकर्णा म्हणाली.

तिचा आवाज माझ्या डाव्या कानाशी होता. बटण दाबून ती भिंतीच्या कडेने चालत माझ्यापाशी येऊन उभी राहिली होती. तिचा बांधलेला हात माझ्या दंडाला लागला. हळदीचा वास आला.

मी समोर पाहिले. थेट पाहिले, आणि बाजूलाही पाहिले. स्टुलावर कोणी बसलेले होते.

रांगेत काळोख नव्हता, कारण रांग संपली होती. जे यायचे होते ते पोहोचले होते. आम्ही 'बस' म्हटले होते, आणि ते बसले होते.

माझ्या हातात कडी होती. दार उघडून पळणे एका पावलाचे काम होते. मनकर्णा उलट दिशेने निघाली. ती कोठून चालली आहे हे मला स्पष्ट दिसत होते. तिच्या पायांखाली एकेक पाऊल झाकले जाई आणि मागे पुन्हा उजळे. टक्. टक्. शेवटी ती स्टुलापुढे उभी राहिली. तिची आकृती त्या बसलेल्या आकृतीवर पडली आणि दोन्ही मिळून एक मोठा काळोख झाला.

"उशीर झाला बोलायला," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण कापत नव्हता. "पाहुणचार करायचा राहिला. तो आमचा दोष. तुम्हांला ज्या पावलांनी आणले ती आता बाहेर जाताहेत. उठा आता. ही जागा माझी आहे."

काही झाले नाही. यंत्रे बंद होती, बाहेर जालना रस्त्यावरून एक ट्रक गेला असावा, कारण फरशी जराशी थरथरली. मग चिपांची भिंत विझू लागली. खालची ओळ नव्हे. ती आधीच झाकलेली होती. मनकर्णेच्या डोक्यावरची ओळ विझली, तिच्यावरची विझली, आणि छतालगतची अगदी वरची चिप, जी लावण्यासाठी त्रिंबकला शिडीवर चढावे लागले होते, तीही विझली. त्याचे उठणे अजून संपले नव्हते की खोलीच संपली होती, हे मला सांगता येणार नाही.

मनकर्णा एक पाऊलही मागे सरली नाही. ती बाजूला झाली, वाट देतात तशी. आणि वाट मोकळी होताच ती वळून स्टुलावर बसली. स्टूल तिच्या भाराने करकरले. चिपा वरून खाली एकेक ओळ परत उजळत आल्या आणि तिच्या खांद्यांपाशी थांबल्या. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ विद्यार्थिनींना मोठ्या जागांवर बसलेले पाहिले आहे. अशी बसलेली एकच पाहिली.

"बाई," ती स्टुलावरून म्हणाली, "दार उघडा."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की स्टुलापुढचे पाऊल विझले आहे.

या वेळी ते माझ्या डोळ्यांदेखत झाले. ते पाऊल उजळले, पुढचे विझले. टक्. तेही उजळले, त्यापुढचे विझले. घाई नव्हती. वयस्क आणि खानदानी माणसाने निरोप घेऊन निघावे तसे ते येत होते, आणि त्याच्या वाटेत, दाराला पाठ लावून, मी उभी होते. माझी बोटे कडी शोधू लागली. कडी मी कधीची धरलेलीच होती. तरी ती मला सापडेना. टक्. माझ्या पायांपुढचे पाऊल विझले आणि माझ्या कपाळाला, खूप वरून, गारवा लागला. तो हौदातून नुकत्याच निघालेल्या प्लॅस्टिकचा, कोरा, वास नसलेला गारवा होता.

मी कडी काढली. दार ओढून धरले आणि भिंतीला चिकटले. मान खाली घातली, कारण थोर माणसे पुढून जाताना घालतात. ते गेले. उंबऱ्यापलीकडच्या काळोख्या जागेतले शेवटचे पाऊल झाकले गेले. आता एवढेच उरले होते, बाहेरचे दार, आणि त्यानंतर मनकर्णेचा माल, मनकर्णेची जागा, सारे तिचे.

आणि दारातून जाणाऱ्याला मूकपणे जाऊ देणे माझ्या रक्तात नाही. माझ्या आईने मला तसे वाढवले नाही आणि मी कोणत्याही मुलीला तसे वाढवले नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. आणि साऱ्या हयातीत प्रत्येक पाहुण्याला जे म्हटले, तेच मी स्पष्ट, शुद्ध आणि मनापासून म्हटले.

"पुन्हा या."

मागे स्टूल करकरले. मनकर्णा उठून उभी राहिली होती.

"बाई," ती म्हणाली, आणि त्या दुपारी प्रथमच तिचा आवाज कापला, "काय म्हणालात?"

मी उंबऱ्यापलीकडे पाहत होते. शेवटचे पाऊल अजून उजळले नव्हते. आणि त्याच्या पुढे, बाहेरच्या दाराकडे, टक् असा आवाज होण्याऐवजी, त्या पावलाच्या टाचेकडून उजेडाची एक बारीक कोर दिसू लागली. कोणी जागच्या जागी सावकाश मागे, आमच्याकडे वळत असावे तशी.